वाचकांचे प्रश्न: बोटीवरच्या खिडकीसाठी किती पैसे मोजायचे?

दिवाळी आटोपली की क्रूझचे प्रश्न यायला लागतात, कारण पावसाळ्यात आपल्या बाजूच्या समुद्रावर क्रूझ बंद असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीची बुकिंगं याच दिवसांत होतात. यंदा आलेल्या पत्रांमधून चार निवडलीत. चारही ठाणे-नवी मुंबईची आहेत आणि चौघांनाही घोर एकच लागलाय, की आहे ती केबिन ठेवायची का जास्त पैसे भरून वरची घ्यायची. पहिल्या पत्राला उत्तर मोठं झालंय, कारण त्यात सगळ्यांच्या कामाचं बरंच काही आहे.

कासारवडवली, ठाणे

ताई नमस्कार. जानेवारीत आम्ही मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ बुक केलीय. मी, हे, मुलगी (सातवीत आहे) आणि सासूबाई, त्यांना ७६ वं चालू आहे. दोन इनसाइड, म्हणजे बिनखिडकीच्या, केबिन घेतल्यात. परवा एजंटचा फोन आला की साडेपाच हजारात खिडकीवाली खोली मिळतेय आणि एकोणीस हजारात बाल्कनी, उद्यापर्यंत सांगा. हे म्हणतात खोलीत फक्त झोपायला जायचंय, कशाला पैसे घालवायचे. मला वाटतं सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर पाय ठेवणार आणि आपण त्यांना चार भिंतींत झोपवायचं का. रोज रात्री जेवताना हाच विषय. काय करू सांगा.

उत्तर: आधी एजंटला परत फोन लावा आणि विचारा साडेपाच हजार म्हणजे कशाचे, खोलीचे का माणशी. क्रूझचा भाव जवळपास नेहमी माणशी असतो, एका खोलीत दोघं धरून, आणि फोनवर बोलताना हा "माणशी" शब्द हळूच गिळला जातो. म्हणजे तुमच्या चौघांचे साडेपाच नाही, २२,००० झाले, त्यावर जीएसटी वेगळा, आणि बाल्कनीचे तर ७६,०००. हा आकडा जेवणाच्या टेबलावर ठेवला की चर्चा वेगळीच होते. आणि जे काही सांगतील ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागा, टॅक्ससकट, केबिन नंबरसकट. उद्यापर्यंत सांगा म्हणतात त्याचं दडपण घेऊ नका. ऑफर खरंच संपली तरी तुमच्याकडे कन्फर्म खोल्या आहेतच, हातचं काही जात नाहीये.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते बरोबर बोलतायत, पण स्वतःपुरतं बरोबर बोलतायत. एक कागद घ्या आणि चौघांची नावं एकाखाली एक लिहा, प्रत्येकापुढे लिहा की हे माणूस दिवसाउजेडी, जागेपणी, खोलीत किती तास असणार. रात्रीचे तास धरूच नका, रात्री खिडकीतून काळोख दिसतो आणि आपल्याच खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब. पहिल्या दिवशी दुपारी चढणार, मग सेफ्टी ड्रिल असतं ते सगळ्यांना करावंच लागतं, मग बोट सुटताना सगळे वर डेकवर, मग जेवण, शो. दुसऱ्या दिवशी गोव्यात उतरणार. तिसरा दिवस समुद्रावर, तेव्हाही मुलगी पूलवर, मिस्टर बफेच्या लाइनीत नाहीतर डेकच्या खुर्चीत. तुमच्या मिस्टरांचे तिन्ही दिवसांचे मिळून तीन तास धरा, आंघोळ, कपडे बदलणं, दुपारी पाठ टेकणं, संपलं. साडेपाच हजार भागिले तीन म्हणजे तासाला अठराशेच्या वर जातं. एवढ्या पैशात खिडकी बघायची त्यांना गरज नाही, आणि तुमचंही बहुतेक तसंच असेल.

सासूबाईंचं मांडा. या वयाची माणसं पहाटे साडेचार-पाचला उठून बसतात, तुम्ही सगळे आठपर्यंत उठत नाही. दुपारी जेवण झालं की त्यांना आडवं व्हायचं असतं, आणि बोटीवर दुपारी पूलजवळ मोठ्या आवाजात गाणी असतात, तिथे त्यांना दोन तास बसवत नाही. गुडघे दुखत असतील तर दर वेळी लिफ्टने अकराव्या मजल्यावर जाऊन समुद्र बघणं होत नाही, दोनदा जातील, तिसऱ्यांदा म्हणतील तुम्ही या जाऊन, मी इथेच बरी. त्यांचे उजेडाचे तास तिन्ही दिवसांचे मिळून बारा-तेरा सहज होतील, म्हणजे तासाला सव्वाचारशेच्या आसपास. हे पैसे मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

म्हणून माझं सरळ मत, दोन्ही खोल्या बदलू नका, एकच बदला. सासूबाई आणि नात खिडकीच्या खोलीत, तुम्ही दोघं इनसाइडमध्ये. २२ च्या जागी ११ हजार. एजंट बहुतेक म्हणेल की दोन्ही खोल्या एकाच प्रकारच्या घ्या म्हणजे जवळ मिळतील, तर त्याला सांगा की इनसाइड खोल्या पॅसेजच्या आतल्या बाजूला असतात आणि खिडकीवाल्या त्याच पॅसेजच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे दारासमोर दार अशी जोडी मिळू शकते, तशीच बघून दे. जहाजाचा डेक प्लॅन कंपनीच्या साइटवर असतो, त्यावर स्वतः बोट ठेवून नंबर बघा. रात्री सासूबाईंनी दार वाजवलं तर तुम्ही दोन पावलांवर, आणि दिवसा तुम्हालाही त्यांच्या खिडकीत जाऊन बसता येतं, चहा तिकडेच न्या.

हे मी एवढं जोर देऊन सांगतेय त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले होते, तेव्हा मीही हाच हिशोब केला होता की खोलीत कोण बसणारेय, आणि दोघींना मिळून इनसाइड घेतली. इनसाइड खोलीत दिवा बंद केला की काळोख कसा असतो ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही, आपल्या घरात रात्रीसुद्धा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो, तिथे डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही. आई पहाटे उठली, तिला कळेना किती वाजले, दिवस आहे का रात्र, बटण कुठेय, आणि मला उठवायचं नाही म्हणून ती तशीच अंधारात पलंगावर बसून राहिली, किती वेळ ते तिने मला सांगितलंच नाही, घरी आल्यावर मावशीला फोनवर सांगताना मी ऐकलं. त्या अपग्रेडचे तेव्हाचे पैसे मी मुलाच्या एका वाढदिवसाला घालवते. तेव्हापासून कुणी वयस्कर माणूस बरोबर असेल तर मी आधी खिडकीचं बघते, बाकी मग.

बाल्कनी मात्र सासूबाईंसाठी नको. बाल्कनीचं दार जड असतं, वाऱ्याने आणखी जड होतं, उंबरा असतो, आणि बाल्कनीच्या खोल्या बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात तिथे बोट हललेली जास्त जाणवते. वारा फार असेल तर कंपनीच दारं बंद ठेवायला सांगते. त्यात आपल्या मुंबईहून सुटणारी एम्प्रेस बोट ही १९९० ची बांधणी आहे, त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच असायच्या, आताच्या नव्या जहाजांसारख्या रांगाच्या रांगा नाहीत, म्हणून तिथे बाल्कनीचा भाव उगाच चढतो. खिडकीची खोली पुरे. फक्त माहीत असू द्या की ही खिडकी उघडत नाही, जाड काच असते, वारा येणार नाही, उजेड आणि समुद्र येणार.

पैसे भरायच्या आधी केबिन नंबर हातात घेऊन हे बघा. खोली बोटीच्या साधारण मध्यावर आहे का. लिफ्ट जवळ आहे का, पण अगदी लिफ्टच्या दारात नको, रात्री एकपर्यंत लोक हसत खिदळत येतात. वरच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे, पूल किंवा बफे असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री ढोल. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार आहे का, त्या दारातून शेजाऱ्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे का. काही मजल्यांवर असते, आणि मग साडेपाच हजार भरून तुम्ही नारिंगी रंगाचं फायबर बघत बसता. अशी खोली "ऑब्स्ट्रक्टेड" म्हणून लिहिलेली असते, भाव थोडा कमी असतो, एजंटने कमी भावात दिली म्हणून खूश होऊ नका, हा शब्द आहे का ते शोधा. आणि बेड वेगळे दोन हवेत हे आत्ताच सांगून ठेवा, आजी-नात एका डबल बेडवर तीन रात्री म्हणजे दोघींचीही झोप मोड.

तुमच्या दोघांच्या इनसाइडमध्ये बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवा, किंवा सेलवरचा छोटा नाइट लॅम्प न्या. बऱ्याच बोटींवर टीव्हीच्या एका चॅनलवर बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं, आवाज बंद करून ते लावून झोपलं की पहाट झालेली टीव्हीत दिसते. भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हूक लावले की ओले टॉवेल, पर्स, ओळखपत्र सगळं टांगता येतं. एक्स्टेन्शन बोर्ड आणि इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, सिक्युरिटीत काढून घेतात.

आणि वाचलेल्या ११ हजारांतून गोव्यात दिवसभरासाठी एक गाडी सांगा. बोट मुरगाव बंदरात लागते, तिथून मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा निवांत होते, बसच्या टूरमध्ये सासूबाईंना तीस लोकांमागे धावायला लागणार नाही. परत बोटीवर यायची वेळ कागदावर लिहून घ्या आणि तिच्या दीड तास आधी या. निघतानाही तेच, घोडबंदर रोडचा भरवसा धरू नका, चेक-इन बंद व्हायच्या वेळेच्या चार तास आधी घर सोडा.

नेरूळ, नवी मुंबई

मार्चमध्ये आम्ही दोघं सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करतोय, पेनांग आणि फुकेत. इनसाइड खोली आहे, मधल्या भागातली, मी स्वतः नंबर बघून घेतली होती. आता कंपनीचा मेल आलाय की बाल्कनीसाठी बोली लावा. कमीत कमी ६० डॉलर, बाण पुढे सरकवला की काटा लाल, पिवळा, हिरवा होत जातो. १५० ला हिरवा होतो. नवरा नाइट शिफ्ट करतो, त्याला चार दिवस नुसतं पडून राहायचंय. किती लावू?

उत्तर: ६० हे माणशी आहेत, तुमचे १२० होणार, आणि हिरवा काटा म्हणजे ३००. तो काटा तुमच्या बाजूचा नाही हे लक्षात ठेवा, तुम्ही जास्त भरावं म्हणूनच तो तिथे ठेवलाय, शेवटी खोल्या किती उरल्या आणि बाकीच्यांनी काय लावलं यावर ठरतं. बोली लावायच्या आधी त्याच कंपनीच्या साइटवर जाऊन आजच्या तारखेला इनसाइड आणि बाल्कनी यांच्यात किती फरक आहे तो बघा. कधीकधी तो फरक हिरव्या काट्याच्या आसपासच असतो, आणि सरळ फरक भरून बदली केली तर खोली तुम्हाला निवडता येते. बोलीत निवडता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत तोच मोठा तोटा आहे. तुम्ही मेहनत करून मधली शांत खोली निवडलीय आणि बोली लागली तर ती गेली, नवी पार टोकाला असू शकते नाहीतर पूलच्या खाली. बोली मंजूर झाली की पैसे कार्डावरून लगेच कापतात आणि मग नको म्हणता येत नाही. मंजूर होईपर्यंत मात्र बदलता किंवा काढून घेता येते. कार्डाचा फॉरेक्सचा चार्जही वर लागतो तो धरा.

आता घ्यावी का. तुम्ही लिहिलंय नवऱ्याला नुसतं पडून राहायचंय, अशा माणसाला बाल्कनी म्हणजे खरी चैन आहे, त्यांच्यापुढे कागदावर तास लिहिले तर वीसच्या वर जातील. पण तो प्रदेश दमट आहे, अकरा ते चार बाल्कनीत घामाच्या धारा लागतात, दार उघडं राहिलं की खोलीचा एसी दम टाकतो. वापर होणार तो सकाळी चहाला आणि रात्री जेवण झाल्यावर. मलाक्काची सामुद्रधुनी जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या सागरी वाटांपैकी आहे, रात्री चहूबाजूंनी जहाजांचे दिवे दिसतात, ते बघत बसणं मला स्वतःला फार आवडतं. उलट नाइट शिफ्टवाल्याला दिवसा झोप लागते ती इनसाइडच्या काळोखात सगळ्यात छान लागते, तेव्हा नवऱ्याला आधी नीट विचारा की पडून राहायचं म्हणजे झोपायचंय का समुद्र बघायचाय. झोपायचं असेल तर आहे ती खोली सोन्यासारखी आहे, हलू नका.

दोन गोष्टी तपासा. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम जातीच्या जहाजांवर बऱ्याच इनसाइड खोल्यांमध्ये एक भिंत म्हणजे मोठा पडदा असतो, त्यावर बाहेरचा समुद्र त्याच क्षणाचा दिसत राहतो. तुमचं जहाज त्यातलं असेल आणि तुमच्या खोलीला ते असेल तर घाई नकोच. दुसरं, काही अवाढव्य जहाजांवर "बाल्कनी" आतल्या बाजूला उघडते, खाली बाग किंवा दुकानं, समुद्र नाही. बोलीच्या यादीत असे दोन-तीन प्रकार असतात, सगळ्यांना टिक करत जाऊ नका.

लावायचीच असेल तर दोघांनी बसून ठरवा की बाल्कनी मिळाली तर जास्तीत जास्त किती गेलेले चालतील, आणि त्यापेक्षा थोडी खालची बोली एकदाच लावा. मग दर चार दिवसांनी जाऊन काटा सरकवत बसू नका. मी असते तर माणशी ९० वर थांबले असते.

ऐरोली

मला मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा उलट्या होतात. मैत्रिणींचा ग्रुप लक्षद्वीपला चाललाय. एजंट म्हणतो वरच्या मजल्यावरची घ्या, जरा महाग आहे पण मोकळी हवा, त्रास होणार नाही. खरं आहे का?

उत्तर: नाही, उलटं आहे, आणि तुमचे पैसे वाचवणारं उत्तर आहे. एसटीत मागच्या सीटवर बसलं की खड्ड्यात कसे उडतो आणि मधे बसलं की तेवढं लागत नाही, तसंच. बोट पुढून-मागून वर-खाली होते आणि दोन्ही कुशींवर झुलते. टोकं सगळ्यात जास्त हलतात, मध्य सगळ्यात कमी. जितकं उंच जाल तितका झोका मोठा. म्हणून तुमची खोली खालच्या मजल्यावरची, बोटीच्या बरोबर मध्यावरची, आणि गंमत म्हणजे याच खोल्या स्वस्तही असतात. एजंटला म्हणावं वरचा भाव मला नको, खालचा नंबर दे.

खिडकी घ्यावी का यावर लोकांचे दोन तट असतात. त्रास का होतो तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय आणि डोळे सांगतात भिंत स्थिर आहे, त्या भांडणाने पोटात ढवळतं. क्षितिजाची रेघ दिसली की डोळ्यांनाही पटतं आणि बरं वाटतं. तेव्हा तुमच्यासाठी खालची, मधली आणि खिडकीची अशी मिळाली तर थोडे पैसे जास्त द्या. पण खिडकी फक्त बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला मिळत असेल तर खिडकी सोडा आणि मधली इनसाइड घ्या, समुद्र बघायला डेक आहे.

मांडव्याच्या लाँचवरून मोठ्या जहाजाचा अंदाज बांधू नका. मोठ्या जहाजाच्या पोटाला दोन्हीकडे पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात ते झुलणं बरंच कमी करतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्या बाजूचा अरबी समुद्र शांत असतो. अॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर नक्की विचारा, आणि ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही. आल्याच्या वड्या पर्समध्ये ठेवा. रिकाम्या पोटी राहू नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. लक्षद्वीपला बोट किनाऱ्याला लागत नाही, लांब थांबते आणि छोट्या बोटीने बेटावर नेतात, ती छोटी बोट मात्र हलते, त्या सकाळची गोळी चुकवू नका.

वाशी

मी ७४ वर्षांचा निवृत्त माणूस. माझं गाव वेंगुर्ल्याजवळ. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने जायचो, डेकवर चादर अंथरून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. मुलगा आता गोव्याच्या क्रूझचं तिकीट काढतोय आणि बाल्कनीच घ्यायची म्हणतोय, बाबा तुम्हाला तुमची बंदरं बघता येतील. मला एवढा खर्च बरा वाटत नाही आणि त्याचं मनही मोडवत नाही. बाल्कनीतून किनारा दिसतो का?

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगा किती प्रेमाने म्हणतोय ते कळतं, पण त्याला खरं सांगायला हवं की बंदरं दिसणार नाहीत. तुमची बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जायची, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, प्रत्येक ठिकाणी थांबायची आणि पडाव येऊन माणसं उतरवून न्यायचे. आताची क्रूझ संध्याकाळी सुटते, रात्रभर चालते आणि किनाऱ्यापासून बरीच आत असते. पंधरा-वीस मीटर उंचीवरून आपलं क्षितिज चौदा-सोळा किलोमीटरवर संपतं, त्यापलीकडचं गाव दिवसासुद्धा दिसत नाही, लांबवर डोंगरांची रेघ दिसली तर दिसली. त्यातून बाल्कनी एकाच बाजूची असते. गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या, येताना उलट, म्हणजे एका बाजूची बाल्कनी घेतली की दुसरी बाजू गेली.

म्हणून बाल्कनी नको म्हणा, पण खर्च नको म्हणून नको म्हणू नका, त्याला वाटेल बाबा काटकसर करतायत. त्याला सांगा की मला खोलीतून बघायचं नाहीये, मला डेकवर तुझ्याबरोबर उभं राहायचंय, पूर्वी उभा राहायचो तसं. खिडकीची साधी खोली घ्या, पहाटेसाठी. आणि जो फरक वाचेल त्यात क्रूझहून आल्यावर एकदा पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळला जा दोघं, तिथून वेंगुर्ला, धक्क्यावर जाऊन बसा, मुलाला दाखवा पडाव कुठे लागायचे. बंदर बघायचं तर ते तिथूनच दिसेल.

बोटीवर जायला वाशीहून सकाळची घाई टाळा. मुलगा अटल सेतूवरून नेतो म्हणेल, एका बाजूचा टोल २५० आहे, पण तुम्हाला वाशीचा पूल आणि ईस्टर्न फ्रीवे तेवढाच सोयीचा पडतो.

बोट सुटायच्या अर्धा तास आधी वर जा, गर्दी व्हायच्या आत कठडा धरा. आधी उजव्या बाजूला उभे राहा, गेटवे, ताज, कुलाबा असं एकेक मागे जातं आणि शेवटी प्राँग्जचा दीपस्तंभ, १८७५ पासून आहे तो, तुमच्या कोकणबोटीतूनही तोच दिसायचा. तो दिसला की लगेच डाव्या बाजूला या. थळच्या समोर खांदेरी-उंदेरी येतात, खांदेरीवर कान्होजी आंग्रे दीपस्तंभाचा दिवा फिरत असतो, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे किल्ले गेले त्यात ही खांदेरी आहे हे मुलाला सांगा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा डाव्याच कठड्याला, गोव्यात शिरताना त्या बाजूला आग्वादचा किल्ला येतो. खुर्ची मागितली तर स्टाफ आणून देतो, संकोच करू नका. आता चादर लागणार नाही, पण शाल आणि कानटोपी न्या काका, जानेवारीत पहाटे डेकवर वारा बोचतो.